स्टिरॉइडचा उतार, मेथोट्रेक्सेटचा वार: डोळ्याच्या जुनाट सुजेवरची लांब पल्ल्याची औषधं

युव्हिआयटिसचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेचं, निदान झालं की स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. पंधरा दिवसांत लाली जाते, धूसरपणा ओसरतो आणि पेशंटला वाटतं, सुटलो एकदाचे. नेमकं तेव्हाच डॉक्टर चिठ्ठीवर प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध लिहितात: मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन. मोबाइलवर शोधलं की ‘कॅन्सरचं औषध’, ‘किडनी ट्रान्सप्लांटचं औषध’ असं काहीबाही समोर येतं, घरात काळजीची चर्चा होते आणि ती स्ट्रिप कपाटात पडून राहते. डोळा चांगला दिसत असताना असलं जहाल औषध कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं नीट उत्तर वेळेवर मिळत नाही आणि त्यापायी नजर जाते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इथे विषय फक्त संसर्ग नसलेल्या, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या सुजेचा आहे. त्यात व्हीकेएच (वोग्ट-कोयानागी-हाराडा), सार्कॉइड, बेशे, सर्पिजिनस कोरॉइडायटिस अशा नावांचे आजार येतात, लहान मुलांच्या संधिवाताबरोबर येणारा युव्हिआयटिस, आणि बऱ्याचदा कारण न सापडलेला. औषध थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत सूज परत येत असेल तर त्याला ‘क्रॉनिक’ म्हणतात. अशा डोळ्यात प्रत्येक झटका काही ना काही मागे ठेवून जातो: बाहुली भिंगाला चिकटते, मोतीबिंदू होतो, प्रेशर वाढतं, पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं. पहिल्या झटक्यानंतर नजर सहा बाय सहा परत येते, पाचव्यानंतर येत नाही.

‘मला स्वच्छ दिसतंय’ आणि ‘डोळा शांत आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणी-यंत्राचा) प्रकाश एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर इतका बारीक करतात आणि डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी मोजतात. एकही पेशी नसेल तर ग्रेड शून्य. १ ते ५ म्हणजे अर्धा प्लस, ६ ते १५ म्हणजे एक प्लस, १६ ते २५ दोन प्लस, २६ ते ५० तीन प्लस, त्यापुढे चार. ही मोजपट्टी २००५ मध्ये जगभरासाठी ठरली. एक प्लस पेशी असताना पेशंटला काहीच जाणवत नाही असं अनेकदा होतं. म्हणून केसपेपरवर हा आकडा काय लिहिलाय ते दर भेटीत विचारा आणि वहीत तारखेसह उतरवून ठेवा. मागच्या भागाची सूज असेल तर ओसीटीवरची (पडद्याच्या स्कॅनवरची) पडद्याची जाडीही मायक्रॉनमध्ये लिहून ठेवा. पुढे औषध वाढवायचं की कमी करायचं, याचा निर्णय याच आकड्यांवर होतो.

ही औषधं सुरू करण्याआधी आपल्याकडे एक गोष्ट टाळून चालत नाही: टीबी. डोळ्यातला टीबी हुबेहूब सार्कॉइड किंवा सर्पिजिनससारखा दिसू शकतो, आणि त्याला नुसतं स्टिरॉइड दिलं तर आधी बरं वाटतं, मग तो दुप्पट जोराने उलटतो. छातीचा एक्स-रे, गरज वाटल्यास सीटी, टीबीसाठी हातावर टोचून करायची मांटू चाचणी आणि रक्तातली इग्रा चाचणी हे सगळं शक्यतो स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू होण्याआधी व्हायला हवं, कारण स्टिरॉइडवर असताना मांटू आणि इग्रा दोन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. मांटू टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत मोजून घ्यायची असते. चार दिवसांनी दाखवायला गेलात तर ती वाया गेली. उलट बाजूही लक्षात ठेवा. आपल्या देशात मांटू पॉझिटिव्ह येणारे असंख्य निरोगी लोक आहेत, त्यामुळे एवढ्यावरून डोळ्यात टीबी आहे असं ठरत नाही. त्यासाठी डोळ्याचं चित्र, छाती आणि चाचण्या एकत्र बघाव्या लागतात. याच वेळी सिफिलिस, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांच्याही तपासण्या होतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात गुपचूप बसलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की उसळतो. भातलावणीत किंवा शेतात अनवाणी काम करणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं. पायातून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं त्रास न देता राहतो आणि स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर जिवावर उठू शकतो. आधी कळलं तर त्यावर साध्या गोळ्या आहेत.

आता स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन साधारण किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशोबाने सुरू होतं, कमाल ६० ते ८० मिलिग्रॅम, आणि हा मोठा डोस महिनाभरापेक्षा जास्त ठेवत नाहीत. नंतरचा उतार असा असतो: ४० पर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी १० ने कमी, ४० ते २० दरम्यान ५ ने, २० ते १० दरम्यान अडीचने, आणि १० च्या खाली एक ते अडीच मिलिग्रॅमने, तेही दर एक ते चार आठवड्यांनी. व्हीकेएचमध्ये हा उतार मुद्दाम लांबवतात, सहा महिन्यांच्या आत संपवत नाहीत. बहुतेक वेळा घोळ १० च्या आसपास होतो. साठावर असताना सगळे शिस्तीत असतात. १० वर आल्यावर ‘आता एवढीशीच तर आहे’ म्हणून गोळी सुटते, किंवा वेगवेगळ्या पॉवरच्या स्ट्रिपा घरात साठल्यामुळे पाचच्या जागी वीसची घेतली जाते. जुनी पॉवर संपली की ती स्ट्रिप घरातून काढून टाका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड घेतलं असेल तर ते एकदम बंद करू नका. शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, तोवर झोपलेलं असतं. उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं अशी लक्षणं दिसतात आणि प्रकरण आयसीयूपर्यंत जाऊ शकतं. ऑपरेशन किंवा मोठं आजारपण आलं तर ‘मी स्टिरॉइडवर आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा.

साखरेबद्दल एक बारकावा. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारनंतर साखर वाढवतं. उपाशीपोटीची साखर ९५ आणि जेवणानंतरची २६० असं सर्रास होतं. म्हणून नुसत्या फास्टिंगवर समाधान मानू नका. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर तपासा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीमुळे झालेले जे हाल पाहिले, त्यात वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांचीच जोडी होती. त्या आठवणीने स्टिरॉइडला घाबरून ते नाकारण्यापेक्षा साखर मोजणं जास्त कामाचं. हाडांसाठी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि डोळ्याचं प्रेशर दर भेटीत मोजून घ्या. स्टिरॉइडच्या थेंबांनीही प्रेशर चढतं. प्रेडनिसोलोन ॲसिटेटची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता टाकलेल्या थेंबात औषध फारसं नसतं, आणि मग ‘थेंबांनी फरक पडत नाही’ म्हणून गोळ्या वाढतात.

या सगळ्या उताराचं उद्दिष्ट एकच: साधारण तीन महिन्यांत दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रेडनिसोलोनवर डोळा शांत राहिला पाहिजे. राहत नसेल, किंवा हे जमणार नाही असं आजाराच्या जातीवरून आधीच दिसत असेल, तर दुसरं औषध लागतं. ते स्टिरॉइडच्या जागी यायचं असतं, त्याच्या जोडीला कायमचं नाही. आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, कधी सहा. म्हणूनच डोळा स्टिरॉइडमुळे चांगला दिसत असतानाच ते सुरू करावं लागतं. कपाटात पडलेल्या स्ट्रिपची किंमत तीन महिन्यांनी कळते. तोवर स्टिरॉइड १० वर आलेलं असतं आणि खाली दुसरा आधार नसतो.

सर्वांत जास्त वापर मेथोट्रेक्सेटचा होतो. सर्वांत गंभीर चूकही त्यातच होते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सुरुवात १० ते १५ मिलिग्रॅमने, पुढे २० ते २५ पर्यंत. रोज घेतलं तर आठ-दहा दिवसांत तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळतात आणि माणूस दगावू शकतो. ही चूक अडाण्यांकडूनच होते असं समजू नका. घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, सून किंवा मुलगा डबीत भरताना हीसुद्धा रोजच्या खणात टाकतो, किंवा दुसऱ्या दवाखान्यात जुनी चिठ्ठी पाहून नवी लिहिताना ‘आठवड्यातून’ हा शब्द गळतो. त्यात फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेट या दोन्ही बहुतेक कंपन्यांच्या लहान, पिवळसर गोळ्या, आणि पेशंटला सांगितलेलं असतं की एक आठवड्यातून एकदा, दुसरी बाकीच्या दिवशी. अदलाबदल व्हायला एवढं पुरतं.

उपाय साधे आहेत. चिठ्ठीवर वाराचं नाव अक्षरात लिहून घ्या: ‘मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, फक्त शनिवारी रात्री’. नुसतं ‘आठवड्याला एक’ पुरेसं नाही. एकाच पॉवरच्या गोळ्या ठेवा. अडीच आणि दहाच्या मिसळू नका. एका वेळी चारच आठवड्यांचं औषध आणा. स्ट्रिपवर मार्करने वार लिहा, घेतल्यावर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा, आणि ही स्ट्रिप रोजच्या औषधांच्या डब्यात ठेवूच नका. शनिवार रात्र अनेकांना सोयीची पडते. मळमळ झालीच तर रविवारी घरी असतो. विसरलात तर दोन दिवसांच्या आत आठवलं तरच घ्या, नाहीतर तो आठवडा सोडा. पुढच्या वेळी दुप्पट कधीही नाही. फॉलिक ॲसिड काही डॉक्टर रोज १ मिलिग्रॅम देतात, काही आठवड्यातून एक-दोनदा ५ मिलिग्रॅम. दोन्ही पद्धती चालतात, फक्त मेथोट्रेक्सेटचा वार टाळायचा. त्याने तोंड येणं, मळमळ आणि यकृताचा त्रास कमी होतो, म्हणून ते ‘नुसतं व्हिटॅमिन’ समजून सोडू नका. १५ मिलिग्रॅमच्या वर गोळी पोटातून नीट शोषली जात नाही. तेव्हा त्याच दिवशी डोस दोन भागांत घेणं किंवा कातडीखाली इंजेक्शन घेणं हा मार्ग असतो. इंजेक्शनने मळमळही बहुधा कमी होते.

मेथोट्रेक्सेट चांगलं की मायकोफेनोलेट, हा वाद बरीच वर्षं होता. त्याचं उत्तर शोधण्यात आपल्या देशातल्या पेशंटांचा मोठा वाटा आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि सौदी अरेबियातल्या केंद्रांत २१६ जणांवर ‘फास्ट’ नावाची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये ती ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आठवड्याला २५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट विरुद्ध दिवसाला ३ ग्रॅम मायकोफेनोलेट. सहा महिन्यांनी कमी स्टिरॉइडवर डोळा शांत असलेले अनुक्रमे ६६.७ आणि ५७.१ टक्के. म्हणजे महागडं मायकोफेनोलेट वरचढ ठरलं नाही. माझ्या मते ज्याला इतक्यात मूल नको आहे, दारू नाही आणि यकृत-किडनी ठीक आहेत, त्याने मेथोट्रेक्सेटपासून सुरुवात करण्यात काही कमीपणा मानू नये. मायकोफेनोलेट नेहमीच्या वापरात सकाळ-संध्याकाळ एक-एक ग्रॅम देतात. त्याचा मुख्य त्रास पोटाचा, जुलाब. डोस हळूहळू चढवला की बऱ्याच जणांना सोसतो.

अझाथायोप्रिनच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सुरू करण्याआधी जनुकांची तपासणी करायची असेल तर हे औषध पचवण्याशी संबंधित दोन जनुकांपैकी आपल्याकडे टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी १५ची तपासणी जास्त महत्त्वाची आहे. त्यातला बदल असणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसवरही झपाट्याने घसरतात आणि काही आठवड्यांतच केस पुंजक्यांनी गळू लागतात. केस असे गळाले की शाम्पू बदलायचा नाही, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची. दोन, गाउटसाठी (युरिक ॲसिडच्या सांधेदुखीसाठी) ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर अझाथायोप्रिन धोक्याचं होतं. गाउटचं औषध देणारे डॉक्टर वेगळे आणि डोळ्याचे वेगळे, त्यामुळे हे दोघांनाही सांगणं तुमच्यावर येतं. सायक्लोस्पोरिन हे याच गटातलं आणखी एक औषध. त्यावर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहत राहावं लागतं, आणि ग्रेपफ्रूट, पपनस बंद. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कोणी खात नाही, पण पपनस कोकणात आणि गोव्यात घरोघरी असतं आणि त्यानेही सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते.

रक्ततपासण्या: सीबीसी, यकृतासाठी एसजीपीटी-एसजीओटी, क्रिएटिनिन. सुरुवातीला दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, डोस स्थिरावला की दर दोन-तीन महिन्यांनी, औषध चालू आहे तोवर. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर लगेचच्या एक-दोन दिवसांत यकृताची एन्झाइम्स तात्पुरती वाढतात. शनिवारी रात्री गोळी घेऊन सोमवारी रक्त दिलं तर रिपोर्ट उगाच वाढलेला येतो आणि चांगलं लागू पडलेलं औषध बंद होतं. रक्त पुढच्या डोसच्या आदल्या एक-दोन दिवसांत द्या, म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी. शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. पांढऱ्या पेशी आठ हजारांवरून चार हजारांवर आल्या तर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या आसपासच दिसतात. घसरण फाइलमधूनच कळते.

इतर औषधांची गाठ हा वेगळाच धोका. लघवीच्या जळजळीसाठी सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, पटकन दिलं जातं. मेथोट्रेक्सेटबरोबर ते अस्थिमज्जा बंद पाडू शकतं. ही जोडी टाळायचीच. टीबीचं रिफॅम्पिसिन प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही लवकर संपवतं, त्यामुळे डोस पुन्हा ठरवावे लागतात. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट न घेता फोन करा. किडनीतून ते बाहेर पडत नाही आणि साचतं. नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि दम लागणं हेही मेथोट्रेक्सेटचं फुप्फुसावरचं लक्षण असू शकतं, ‘हवा बदलली’ म्हणून सोडू नका.

आणि गुळवेल. डोळ्याच्या आजाराचं नाव ऐकून नातेवाईक ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ काढा, गुळवेल, अश्वगंधा आणून देतात, प्रेमानेच देतात. पण इथे प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटलेली आहे. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मेथोट्रेक्सेट आणि गुळवेल एकाच यकृतावर लादणं मला अजिबात मान्य नाही. बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइडच मिसळलेलं असतं.

पावसाळ्यात ताप आला तर दोन दिवस घरगुती उपाय करत बसू नका. डेंगी, मलेरिया, लेप्टो, सगळ्यांचाच मोसम, आणि डेंगीत प्लेटलेट्स घसरत असताना मेथोट्रेक्सेट-अझाथायोप्रिनही तेच करत असतात. ताप असेपर्यंत या औषधांचा पुढचा डोस आणि बायोलॉजिकचं (खाली येणाऱ्या अडालिमुमॅबसारखं) इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्टिरॉइड मात्र अशा वेळी मनाने थांबवू नका. लसींचं साधं सूत्र: फ्लू, न्यूमोकोकल, हेपॅटायटिस बी, नागिणीची नवी रिकॉम्बिनंट लस चालतात, आणि जमल्यास औषध सुरू होण्याआधी घेतलेल्या बऱ्या. गोवर-एमएमआर, कांजिण्या, पीतज्वर अशा जिवंत लसी चालत नाहीत. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला पोलिओचे थेंब पाजायचे असतील तर बालरोगतज्ज्ञांना तुमच्या औषधांची कल्पना द्या, आणि पुढचे काही आठवडे त्याचे लंगोट दुसऱ्या कोणी बदलावेत.

गोळ्यांनी भागलं नाही की अडालिमुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन. अमेरिका आणि युरोपात मधल्या, मागच्या आणि संपूर्ण डोळ्याच्या युव्हिआयटिससाठी त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतात त्याची पहिली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती) २०१४ च्या डिसेंबरात झायडसने आणली होती, आता अनेक कंपन्यांची मिळते. पहिल्या दिवशी ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४०, मग दर दोन आठवड्यांनी ४०. टीबीची तपासणी इथे पुन्हा, काटेकोर. सुप्त टीबी आढळला तर प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण महिनाभर थांबतात. मधल्या भागाच्या सुजेत मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार दडलेला असू शकतो आणि अडालिमुमॅबने तो बिघडतो, म्हणून हातापायांना मुंग्या, तोल जाणं असं काही पूर्वी झालं असेल तर आधी एमआरआय. मेथोट्रेक्सेटचा छोटा डोस बरोबर चालू ठेवला तर इंजेक्शनविरुद्ध अँटिबॉडी कमी बनतात आणि ते जास्त काळ लागू पडतं.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नाही आणि फ्रीझरला चिकटूनही नाही, गोठलं तर ते फेकायचंच. लोडशेडिंग असलेल्या गावात फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा. प्रवासात थर्मासच्या पेटीत बर्फाची जेल पिशवी आणि इंजेक्शन यांच्यामध्ये टॉवेल हवा. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं की कमी झोंबतं. ते गरम पाण्यात धरू नका, हलवूही नका. मांडी आणि पोट आलटून पालटून, बेंबीपासून दोन इंच सोडून.

मूल हवं असेल तर आधी सांगा. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला इजा करतात. बाईने मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आणि मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी थांबवून दुसऱ्या औषधावर डोळा शांत आहे ना हे पाहून मगच पुढे जायचं असतं. अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन हे पर्याय उपलब्ध आहेत, त्यामुळे आई होणं आणि डोळा यांतलं एक निवडावं लागतं असं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनही डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत राहिल्यावर, आधीची औषधं चालू ठेवूनच.

कॅन्सरची भीती सगळ्यांनाच असते. डोळ्याच्या सुजेसाठी ही औषधं घेतलेल्या हजारो अमेरिकी पेशंटांचा अभ्यास २००९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत कॅन्सरने होणारे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. उलट, वर्षानुवर्षं २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर राहणाऱ्याचं हाड, साखर आणि डोळ्याचं प्रेशर बिघडणं जवळजवळ ठरलेलं असतं.

औषध कधी थांबवायचं? स्टिरॉइड पूर्ण बंद होऊन डोळा साधारण दोन वर्षं शांत राहिला तर डॉक्टर कमी करून पाहतात. दोन औषधं असतील तर एका वेळी एकच, काही महिने घेऊन, आणि परीक्षा, लग्न, लांबचा प्रवास यांच्या तोंडावर नाही. सूज परतली तर तेच औषध पुन्हा सुरू करता येतं, पण ती लवकर सापडली पाहिजे. लहान मुलांच्या संधिवाताच्या युव्हिआयटिसमध्ये डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. डोस कमी केल्यावर किंवा औषध बंद केल्यावर दोन महिन्यांच्या आत पहिली स्लिट लॅम्प तपासणी व्हायलाच हवी, आणि तिची तारीख औषध कमी करण्याच्या दिवशीच घेऊन ठेवावी.